वास टिपणारी लवचिक कार्बन शीट: वॅडिंग, रव्याएवढा कार्बन आणि ओटीजी

एअर प्युरिफायरमधली काळी, मऊ शीट म्हणजे तंतूंच्या जाळीत अडकवलेले सक्रिय कार्बनचे कण. ती बनवताना खरी अडचण एकच असते: कण सुटता कामा नये आणि झाकलाही जाता कामा नये. करवंटीपासून केलेल्या चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये आतल्या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास असतो. वासाचे रेणू त्या भिंतींना चिकटतात, याला अधिशोषण म्हणतात. छिद्रांची तोंडे बुजली की उरतो तो नुसता कोळसा.

म्हणून डिंक, फेव्हिकॉल, स्प्रेचा गोंद यांतले काहीही वापरायचे नाही. पाण्यातला गोंद वाळल्यावर कणावर पापुद्रा धरतो. सॉल्व्हंटवाला गोंद त्याहून वाईट, कारण त्यातले सॉल्व्हंट कार्बनच पिऊन टाकतो. अशी शीट बनतानाच अर्धी खर्ची पडते आणि पुढे तोच वास हळूहळू सोडत राहते. कण धरायचा तो उष्णतेने मऊ होणाऱ्या तंतूने, तोही फक्त दोन-चार ठिपक्यांवर.

साहित्य

तयार शीट ३० × २५ सेंमी, कार्बनचा भाग २७ × २२ सेंमी. चारही कडांना दीड सेंमी कोरी पट्टी सोडायची.

– थर्मोबॉन्ड (उष्णतेने तंतू जुळवलेले) पॉलिस्टर वॅडिंग, म्हणजे रजईत भरतात तो फुगीर थर, १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम), २७ × २२ सेंमी (सुमारे ६ ग्रॅम)
– करवंटीचा सक्रिय कार्बन, १५ ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम
– डीटीएफ पावडर, म्हणजे उष्णतेने वितळून चिकटणारी भुकटी, २ ग्रॅम (टी-शर्टवर छपाई करणाऱ्यांकडे मिळते)
– पिशव्यांचे पांढरे नॉनवोव्हन कापड, ३० जीएसएम, ३० × २५ सेंमीचे दोन तुकडे (मिळून साडेचार ग्रॅम)
– बटर पेपर, दोन ट्रे, ओव्हनचा वेगळा थर्मामीटर, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा, एन९५ मास्क

वॅडिंग रजया शिवणाऱ्यांकडे मिळते, पण दिसायला सारख्या अशा दोन जाती असतात. एकीत तंतूंवर रेझिन फवारलेले असते, ती इथे निरुपयोगी. दुसरीत काही तंतूंना कमी तापमानाला मऊ होणारे आवरण असते. नेहमीच्या लो-मेल्ट तंतूचे आवरण ११० अंशांच्या आसपास मऊ होते, तर आतला पॉलिस्टर २५० अंशांच्या पुढेपर्यंत टिकतो. परीक्षा सोपी आहे. लहान तुकडा दोन स्टीलच्या ताटल्यांमध्ये दाबून १३० अंशांवर पाच मिनिटे ठेवा आणि तसाच दाबलेला गार होऊ द्या. चपटा राहिला तर हवी ती जात, पुन्हा फुगला तर नको.

कार्बनचे कण जाड्या रव्याएवढे हवेत, म्हणजे अर्धा ते पाऊण मिलिमीटर. याहून मोठे कण शीट वाकवताना टोचतात आणि सुटतात. बारीक भुकटी हवेची वाट अडवते. मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या कांड्या खलबत्त्यात कुटून घेता येतात, फक्त भुकटी फार होते. विक्रेत्याला आयोडीन नंबर (एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो ते) विचारा, हजार किंवा वर असावा. हवेसाठी सीटीसी नंबर (कार्बन टेट्राक्लोराइडची वाफ किती धरतो त्याचे माप) जास्त उपयोगी, तो ६०च्या वर चांगला. चुलीतला किंवा शेगडीचा कोळसा इथे चालत नाही. तो सक्रिय केलेला नसतो, त्यामुळे त्यात ही छिद्रे फारच कमी असतात.

कार्बनची तयारी

कंटाळवाणा भाग हाच, आणि निम्म्या शीट इथेच बिघडतात. कार्बन मैद्याच्या चाळणीने चाळून भुकटी काढून टाका. वर राहिलेला कार्बन पाण्यात तीन-चार वेळा खळबळून घ्या. पहिले पाणी शाईसारखे निघेल, शेवटचे जवळजवळ स्वच्छ हवे. मग ट्रेमध्ये पातळ पसरून १२० अंशांवर तीन तास वाळवा, गार झाल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. वजन वाळवल्यावरच करायचे. उघड्या पोत्यातला कार्बन दमट हवेत बरेच पाणी ओढून घेतो, मग १५ ग्रॅम मोजले तरी त्यात कार्बन किती आणि पाणी किती हे कळत नाही. शिवाय ओलसर कण ओव्हनमध्ये वाफ सोडत राहतो आणि तंतू त्याला धरत नाही.

रचना

वॅडिंग कडेने सोलली की तिचे दोन पातळ थर होतात. ट्रेवर बटर पेपर, त्यावर नॉनवोव्हनचा एक तुकडा, त्यावर मधोमध वॅडिंगचा एक थर. कोरड्या डब्यात कार्बन आणि पावडर एकत्र हलवून घ्या. दोन तृतीयांश मिश्रण गाळणीने सारखे भुरभुरवा आणि ट्रेच्या कडेवर बोटांनी वीस-तीस टिचक्या मारा, म्हणजे कण तंतूंत उतरतील. वर दुसरा थर ठेवून उरलेले मिश्रण टाका, पुन्हा टिचक्या. शेवटी नॉनवोव्हनचा दुसरा तुकडा आणि बटर पेपर.

सगळा कार्बन एकाच थरात टाकायचा मोह होतो. तसे केले की मधोमध एक सलग काळा पापुद्रा तयार होतो. वाकवल्यावर तो तडकतो आणि हवा त्या भेगेतूनच पळते.

ताप

ओटीजी (घरातला छोटा विजेचा ओव्हन) आधी १३० अंशांवर स्थिरावू द्या. त्याच्या बटणावरचा आकडा वीस अंशांनीही चुकलेला असू शकतो, म्हणून थर्मामीटर आत ठेवा. पंखा बंद, नाहीतर कण उडतील. ट्रे मधल्या खणात ठेवून वरच्या खणात रिकामा ट्रे आडवा लावा. नॉनवोव्हन पॉलिप्रोपिलीनचे असते आणि ते १६० ते १६५ अंशांवर वितळते. वरची सळई लाल झाली की तिच्या थेट उष्णतेने ओव्हन १३० दाखवत असतानाही कापडाला भोके पडतात.

दहा मिनिटे ठेवा. वॅडिंग स्वतःच उष्णता अडवते, त्यामुळे पाच मिनिटांत कडा जुळतात आणि मधला भाग कच्चाच राहतो. बाहेर काढताच वर दुसरा सपाट ट्रे आणि २०० ते ३०० ग्रॅम वजन ठेवा. कडांना चार मिलिमीटरच्या पट्ट्या लावा, म्हणजे शीट त्याहून जास्त दबणार नाही. पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. पकड बसते ती गार होताना.

इस्त्रीने हे काम होत नाही. बटण दोन ठिपक्यांच्या खुणेवर ठेवले तर ती १५० अंशांपर्यंत जाते, आणि वरून दाबल्याने फुगवटा मोडून हवेची वाटच बंद होते. कडांसाठी मात्र पिशव्या सील करायचे मशीन उत्तम: चारही बाजूंच्या कोऱ्या पट्टीवर एक-एक सील मारा. त्या पट्टीवर कार्बन सांडला असेल तर आधी ब्रशने झटका, कण मध्ये आला की सील सुटते.

तपासणी

तयार शीटचे वजन साडेसत्तावीस ग्रॅमच्या जवळपास भरायला हवे. पांढऱ्या कागदावर धरून वीस वेळा झटका आणि पुन्हा वजन करा. अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त घट आली तर ताप कमी पडला आहे. आणखी पाच मिनिटे ओव्हनमध्ये ठेवल्यास बहुतेक वेळा निभावते. मग लाटण्याभोवती गुंडाळून पाहा. करकर आवाज आला आणि शीट पुठ्ठ्यासारखी वागली तर पावडर जास्त झाली आहे, पुढच्या वेळी दीड ग्रॅम घ्या. कागदावर कण नव्हे, धूळ पडली तर दोष धुण्यात आहे, त्याला ओव्हन काही करू शकत नाही.

उजेडासमोर धरा. पांढुरके पट्टे दिसले तर तिथे कार्बन नाही, आणि हवा नेमकी तिथूनच जाणार. शेवटी तोंडाजवळ धरून फुंकर मारा. पलीकडचा टिश्यू पेपर सहज हलायला हवा.

बसवताना

प्युरिफायरमधला क्रम असा: धुळीची जाळी, मग ही शीट, मग हेपा (बारीक धूलिकण अडवणारा फिल्टर). शीट हेपाच्या नंतर लावली तर घरगुती शीटमधून सुटणारी थोडीफार धूळ थेट खोलीत येते. चारही बाजूंनी फोमची चिकटपट्टी लावा, कारण कडेला दोन मिलिमीटरची फट राहिली तरी हवा कार्बन सोडून तिकडूनच जाते.

ही शीट रंग, थिनर, तळणाचा आणि उदबत्तीचा वास कमी करते. बारीक धूलिकण ती अडवत नाही, ते काम हेपाचे. कार्बन मोनॉक्साइडवर तिचा काहीच उपयोग नाही, अमोनियावर नाममात्र. म्हणून बंद खोलीतल्या शेगडीला किंवा गीझरला ही शीट हा उपाय समजू नये. स्वयंपाकघरात शेगडीच्या थेट वर लावली तर तेलाचे थेंब काही दिवसांत छिद्रे बुजवतात.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तिची ताकद उतरते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की छिद्रांतल्या जागेवर पाणीही हक्क सांगते. शीट उन्हात ठेवून 'ताजी' करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. उन्हाने ओल निघते आणि सहज सुटणारे काही वास निघतात, घट्ट बसलेले तसेच राहतात. कार्बन खऱ्या अर्थाने पुन्हा सक्रिय करायला शेकडो अंशांची भट्टी लागते, आणि तिथे पॉलिस्टर टिकणार नाही. वास परत येऊ लागला की शीट बदला. काढलेली शीट चपलांच्या कपाटात महिनाभर चालते.