फावल्या वेळात काम करा, पण त्याची दुसरी नोकरी होऊ देऊ नका

नोकरी सांभाळून काहीतरी स्वतःचं करायचं ठरवलं की सुरुवात दणक्यात होते. नवी भाषा, चित्रकला, कथालेखन, शिवाय रोजचा व्यायाम, सगळं एकाच महिन्यात. मग भाषेचं ॲप रोज संध्याकाळी आठवण करून देऊन छळतं, रंग वाळून जातात आणि सुट्टीचा दिवस उजाडला की आनंदाऐवजी धास्ती वाटते. याचं खापर लोक आपल्या आळसावर फोडतात. मला विचाराल तर दोष त्या वेळापत्रकाचा असतो: टार्गेट, डेडलाइन, हजेरी असे ऑफिसचे सगळे नियम आपण फावल्या वेळालाही लावून ठेवतो.

१. थकवा कुठून येतोय ते आधी बघा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की तीन गोष्टी दिसतात: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि हातून पूर्वीसारखं काम न होणं. ही व्याख्या फक्त नोकरी-व्यवसायापुरती आहे, छंदांना ती लागू होत नाही. तरी या तीन खुणा छंदाच्या बाबतीत तपासून पाहायला हरकत नाही.

ओळखायची सोपी युक्ती अशी. दोन-तीन दिवस सलग सुट्टी मिळाली की छंदासाठी हात आपोआप शिवशिवायला लागतात का? लागत असतील तर थकवा नोकरीचा आहे, आणि तो छंदाचं वेळापत्रक बदलून जाणार नाही. कामाचे तास, रात्रीचे मेसेज, वरिष्ठांशी बोलणं याकडेच वळावं लागेल. भरपूर आराम होऊनही तो छंद नकोच वाटत असेल, तर ओझं त्या छंदाचंच झालंय. पुढच्या पायऱ्या मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी आहेत.

२. एका वेळी एकच

एक ना धड भाराभर चिंध्या. बाकीच्या कल्पना वहीत लिहून ठेवा, त्या कुठे पळून जात नाहीत. निवडताना एक पाहा: नोकरीत दिवसभर स्क्रीनसमोर बसत असाल तर हातांचं किंवा अंगमेहनतीचं काही निवडा. दिवसभर माणसांशी बोलावं लागत असेल तर एकट्याने करायचं काहीतरी.

३. कमीत कमी नव्हे, जास्तीत जास्त किती ते ठरवा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. आपण बहुतेक वेळा खालची मर्यादा ठरवतो: रोज किमान एक तास लिहीन. मग जमलं नाही त्या दिवशी अपराधी वाटतं, आणि जमलं त्या दिवशी हुरूप येऊन मध्यरात्रीपर्यंत जागरण होतं. हे दुसरं जास्त घातक. रात्री दोनपर्यंत झपाटून लिहिलं की पुढचे तीन दिवस डोकं चालत नाही, आणि चौथ्या दिवशी वहीकडे बघायचीही इच्छा उरत नाही.

म्हणून वरची मर्यादा घाला. उदाहरणार्थ, आठवड्यात तीन संध्याकाळी, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त पाऊण तास. गजर झाला की थांबायचं, रंगात आलं असेल तरी. पहिल्या आठवड्यात हे फार जाचक वाटतं, कबूल. पण ‘अजून करायचं होतं’ असं वाटत उठलेला माणूस पुढच्या वेळी आपण होऊन बसतो. आणि शून्य मिनिटं झाली तरी मर्यादा मोडलेली नसते, हा हिशेबही मनाला सोपा पडतो.

४. उठताना चिठ्ठी लिहा

अर्धवट सोडलेलं काम डोक्यात घोळत राहतं. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच अपूर्ण कामांच्या स्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. पुढे २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांना दिसलं की काम पूर्ण केलं नाही, पण ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत आखला, तरी त्याचे विचार सतावणं कमी होतं.

म्हणजे शेवटची दोन मिनिटं चिठ्ठीसाठी ठेवा. ‘कथा पुढे न्यायची’ असं मोघम लिहून उपयोग नाही. ‘आजी दारात उभी आहे, अजून बोललेली नाही; गुरुवारी तिच्या पहिल्या वाक्यापासून’ असं लिहा. गुरुवारी बसल्यावर कुठून सुरू करू याचाही घोळ होत नाही.

५. मोजमाप शक्यतो टाळा

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल असं काहींना आधीच सांगितलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड तशी घटली नाही. लाइक, फॉलोअर, सलग दिवसांचे आकडे यांच्याबद्दल मला म्हणूनच शंका वाटते. छंदातून पैसे मिळवायचे तर जरूर मिळवा, पण मग तो कामाच्या तासांत धरा आणि विरंगुळ्यासाठी दुसरं काही ठेवा.

६. काहीच न करण्यालाही जागा

झोनेनटाग आणि फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामाचा शीण उतरवणाऱ्या चार अनुभवांची मांडणी केली: कामापासून मनाने सुटणं, निवांतपणा, नवं काही शिकणं आणि आपला वेळ आपल्या मर्जीने वापरणं. नवं शिकणं त्यात आहे, म्हणजे फावल्या वेळात धडपडणं चुकीचं नाहीच. पण ते चारपैकी एक आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ बिनकामाची ठेवा, आणि झोपेतून वेळ काढू नका. प्रौढांना रात्री किमान सात तास झोप लागतेच.

७. खंड पडला तर

बुडालेल्या दिवसांची भरपाई करायची नाही. तीन आठवडे गिटार हातात घेतली नसेल तर पहिल्या दिवशी ती सुरात लावा, येणारं एक गाणं वाजवा, बस्स. पहिला आठवडा मर्यादाही निम्मी ठेवा.

एवढं करूनही काही आठवड्यांत फरक पडत नसेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हा वेळापत्रकाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. जाताना त्रास कधीपासून आहे, किती वाजता झोप लागते, वजनात काही फरक पडलाय का, एवढं कागदावर लिहून न्या.