जुन्या सागवानी कपाटाला ऑइल पेंट देताय? या चुका टाळा

रंग सोलला की आपण आधी दुकानदाराला बोल लावतो. डबा बहुतेक वेळा निर्दोष असतो, घोळ खालच्या थरात झालेला असतो.

सांगलीत तर पहिली चौकशी एकच करायची: कपाट पुरात होतं का? 2019 साली आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, 2021 ला पुन्हा घरात पाणी आलं. गावभागातल्या कित्येक कपाटांच्या खाचांत तो गाळ अजून आहे आणि पावसाळ्यात तो ओल धरतो. खण काढा, फटी जुन्या टूथब्रशने झाडा, कपाट आडवं करून पायांचा तळ बघा. शंका वाटली तर प्लॅस्टिकचा तुकडा लाकडावर चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं, तर रंगाचा डबा उघडूच नका. उन्हात मात्र वाळवू नका, फळ्या तडकतात. सावली आणि वारा पुरे.

दुसरी चूक घासायची. जुन्या पॉलिशवर सरळ रंग मारला तर तो नखानेही निघतो. 80 नंबरच्या सँडपेपरने सुरुवात, मग 120, शेवटी 180, आणि कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवं घासलेलं रंगाखालूनही दिसतं. आधीचा रंग जुना असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगातल्या विषारी शिशावर 90 पीपीएमची (दहा लाखांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात ते बरंच असू शकतं. वॉटर पेपर (भिजवून घासायचा सँडपेपर) घ्या, मास्क लावा, आणि पोरांना शेजारी पाठवा. भिजवून घासलेलं लाकूड पुन्हा पूर्ण वाळू द्या.

सागाला अंगचं तेल असतं. प्रायमरआधी (रंगाखालचा पहिला थर) थिनरचा बोळा फिरवला नाही, तर रंग नीट धरत नाही. लांबी, म्हणजे भरायची पुट्टी, फक्त खड्ड्यांपुरती. सगळीकडे थापणं हा आपल्याकडचा नसता हौशीपणा.

रंगाला सुरकुत्या पडल्या म्हणजे हात (रंगाचा थर) जाड झाला, किंवा खालचा ओला असताना वरचा दिला. पूर्ण वाळू द्या, 320 ने घासा, पातळ हात द्या.

आणि दारं लगेच लावू नका. ताजा ऑइल पेंट चौकटीला चिकटतो. चार-पाच दिवस उघडीच ठेवा. चिकटलंच तर हिसका देऊ नका, आधी फटीतून पातळ पातं फिरवा.