आत्याची मालिका चुकू नये म्हणून: घरच्या घरी टीव्ही रेकॉर्डिंगची सोय कशी निवडावी

पुण्यात कोथरूडला माझी आत्या एकटी राहते. तिचं भजनी मंडळ संध्याकाळी साडेसातला आणि आवडती मालिकाही साडेसातलाच. गेल्या वर्षी तिचा फोन आला, "पूर्वी आपण व्हीसीआरवर कॅसेट लावून ठेवायचो ना, तसं काहीतरी बसवून दे बाबा. पण मला एकच बटण दाबायला लागलं पाहिजे." मग मी जे उद्योग केले त्यातले निम्मे फसले. तुमच्या घरी अशी कुणी आत्या, आजी किंवा सासरे असतील, तर ते उद्योग तुम्ही करू नका.

पहिली पायरी: चुकतंय काय, ते लिहून काढा

दुकानात जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर तीन गोष्टी टिपा. कुठला कार्यक्रम चुकला, का चुकला, आणि तो एकदा बघून संपणार आहे की जपून ठेवायचा आहे. आत्याच्या कागदावर सहा नोंदी झाल्या. त्यातल्या चार मालिकांच्या होत्या, म्हणजे एकदा पाहिलं की झालं.

मालिकांसाठी रेकॉर्डिंगची गरज बहुतेक वेळा नसतेच. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर असतात, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. सह्याद्रीचे बरेच कार्यक्रम वाहिनीच्या यूट्यूबवर सापडतात. शिवाय त्याच दिवसाचा भाग रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात. त्या वेळा वहीत उतरवून घेणं ही सगळ्यात स्वस्त सोय. आत्याचे दोन प्रश्न तिथेच मिटले.

उरतं ते ॲपवर न मिळणारं: सोसायटीच्या केबलवाल्याची स्थानिक वाहिनी, एखादं थेट प्रक्षेपण, नातीचं नाव झळकलेला कार्यक्रम. रेकॉर्डिंगचा खर्च करायचा तो एवढ्यासाठीच.

दुसरी पायरी: रिमोट कुणाच्या हातात आहे?

घरात वायफाय आणि स्मार्ट टीव्ही असेल तर ॲपचा रस्ता आधी चालून पाहा. फक्त लॉगिन करताना मोबाइल नंबर ज्यांना बघायचंय त्यांचाच द्या. मी शहाणपणा करून माझा दिला होता. दोन महिन्यांनी ॲप आपोआप लॉगआउट झालं, ओटीपी माझ्या फोनवर आला आणि मी मीटिंगमध्ये. त्या दिवशीचा भाग गेला तो गेलाच.

टीव्ही साधा असेल, नेट नसेल किंवा ॲप म्हटलं की समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडत असतील, तर सेट टॉप बॉक्सवर रेकॉर्ड करा. त्याच रिमोटवर, त्याच वाहिनीवर, लाल ठिपक्याचं बटण. नवीन काही शिकायला लागत नाही.

तिसरी पायरी: बॉक्सची पाठ बघा, टीव्हीची नव्हे

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. टीव्हीला मागे यूएसबीचं भोक असतं म्हणून तिथे पेनड्राइव्ह खुपसतात आणि काहीच होत नाही. होणार कसं? आपल्याकडे चित्र येतं सेट टॉप बॉक्समधून, एचडीएमआय वायरने, आणि टीव्ही ते फक्त दाखवतो. ते साठवायचं काम बॉक्सचं. काही टीव्ही रेकॉर्डिंग करतातही, पण ते त्यांच्या स्वतःच्या ट्यूनरवर, म्हणजे वाहिनी पकडणाऱ्या भागावर आलेलं, आणि तो आपल्या घरात बहुधा रिकामाच पडून असतो.

म्हणून बॉक्सला यूएसबी आहे का, रिमोटवर लाल ठिपका आहे का आणि मेनूत 'रेकॉर्डिंग' हा शब्द दिसतो का, ते पाहा. तिन्ही असूनही कंपनीकडून ती सोय चालू करून घ्यावी लागते का, तिचे वेगळे पैसे पडतात का, हे ग्राहक सेवेला विचारा. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही आणि तिच्या बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बॉक्सना यूएसबी रेकॉर्डिंग असतं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत बॉक्स घ्यायला गेलात, तर दुकानदाराला तिथल्या तिथे दोन मिनिटं रेकॉर्ड करून परत लावून दाखवायला सांगा. तोंडी 'होतं होतं' वर विश्वास ठेवू नका.

दोन गोष्टी आधीच समजून घ्या. कंपनीच्या बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा त्याच बॉक्सवर चालतं. पेनड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला तर काही दिसणार नाही. आणि एकच ट्यूनर असलेल्या बॉक्सवर एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना हवी ती दुसरी वाहिनी लावता येत नाही. आत्या एकटी, तिला काय फरक पडतो! पण सासूबाईंची मालिका आणि मुलांचं क्रिकेट एकाच वेळी असणाऱ्या घरात दोन ट्यूनरचा बॉक्स विचारा. छतावरच्या छत्रीच्या त्यासाठी दोन वायरी खाली आणाव्या लागतात, ते सोसायटीत आधी बोलून ठेवा.

चौथी पायरी: पेनड्राइव्ह की हार्ड डिस्क

साध्या चित्राला तासाला साधारण १ जीबी लागतो, एचडीला ३ ते साडेतीन. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रोजची अर्ध्या तासाची एचडी मालिका दोन-अडीच आठवडे आरामात राहते. पण आपल्या विसर्जन मिरवणुकीचं प्रक्षेपण सकाळपासून धरायचं ठरवलंत, तर आठ-नऊ तासांतच तो भरेल. आणि मिरवणूक तर चोवीस तासांच्या पुढे जाते. अशांना ५०० जीबीची छोटी हार्ड डिस्क बरी. ती बॉक्सला लावल्यावर नुसतीच टिकटिक करत बसली, तर बॉक्सच्या यूएसबीची वीज तिला पुरत नाही असं समजा. वेगळा अडॅप्टर असलेली डिस्क घ्या.

जे काही घ्याल ते कोरं घ्या. बरेच बॉक्स पहिल्यांदा 'फॉरमॅट करू का?' असं विचारतात, तेही इंग्रजीत. आत्याने 'ओके' दाबलं आणि आतेबहिणीच्या डोहाळजेवणाचे सगळे फोटो पुसले गेले. पेनड्राइव्ह मीच दिला होता, त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली.

पाचवी पायरी: भिंतीवरचं बटण

बॉक्स बसला, डिस्क लागली, वेळ लावली. तरी पहिले चार दिवस एकही भाग रेकॉर्ड झाला नाही. मी कंपनीला फोन, मेनू, सॉफ्टवेअर, सगळं करून बसलो. पाचव्या दिवशी संध्याकाळी आत्या भजनाला निघताना मी तिथेच होतो. तिने चप्पल घातली, गॅस बघितला आणि जाता जाता टीव्हीचं भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं. "घराबाहेर पडताना वीज चालू कशाला?" वेळ लावलेलं रेकॉर्डिंग व्हायचं असेल तर बॉक्स स्टँडबायवर, म्हणजे विजेवरच राहायला हवा. टीव्ही बंद केला तरी चालतो.

उपाय तिनेच काढला. टीव्हीचं आणि बॉक्सचं बटण वेगळं केलं आणि बॉक्सच्या बटणावर लाल टिकली चिकटवली. टिकलीला हात लावायचा नाही.

गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि परत आली, की बॉक्स नीट चालू झालाय ना ते एकदा बघा. बॉक्स इन्व्हर्टरवर घेतला तर ही कटकट नाही. जोराच्या पावसात छत्रीचा सिग्नल जातो, त्याला इलाज नाही. तेव्हा पुनःप्रक्षेपणाच्या वेळांची ती वही कामी येते. रिचार्ज संपला, तर अनेक बॉक्सवर जुनं रेकॉर्डिंगही उघडत नाही.

सहावी पायरी: रंगीत तालीम

वेळ लावताना दोन मिनिटं आधीची आणि दहा मिनिटं नंतरची धरा. रविवारचा महाएपिसोड असेल तर वीस. मग सगळं त्यांच्याच हातून करून घ्या, तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. लावणं, बघणं, पुसणं, तिन्ही. अडतील तिथे जी पायरी आली, तेवढीच मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून रिमोटच्या पाठीला चिकटवा. आत्याच्या रिमोटवर तीन ओळी आहेत: "हिरवं दाबा. नाव शोधा. ओके." पुसायचं कसं ते तिने लिहू दिलं नाही. "ते तू आलास की कर," म्हणाली. त्यामुळे महिन्यातून एकदा मी डिस्क रिकामी करायला जातो, आणि त्या दिवशी जेवूनच निघतो.