सेकंड हँड लक्झरी एसयूव्ही घेताय? टोकन देण्याआधी या चुका टाळा

पुण्या-मुंबईच्या बाजारात सहा-सात वर्षं वापरलेली बीएमडब्ल्यू एक्स३, ऑडी क्यू५ किंवा मर्सिडीज जीएलसी आज नव्या इनोव्हा हायक्रॉसच्या पैशांत मिळते. गाडी दिसायला चकचकीत असते, दार लावलं की आवाज भरीव येतो, आणि घरच्यांचा जीव तिच्यावर बसतो. पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. साठ लाखांची गाडी पंचवीस लाखांत मिळाली तरी तिचा गिअरबॉक्स, सस्पेन्शन, हेडलाइट हे सगळं साठ लाखांच्या गाडीचंच असतं. बहुतेक माणसं इथेच फसतात.

त्यामुळे हातात असलेले सगळे पैसे गाडीतच घालू नका. किमतीच्या दहा टक्के तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. चार रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) टायर, ब्रेक पॅड-डिस्क आणि एक मोठी सर्व्हिस एवढ्यातच दोन लाख सहज जातात, आणि यातलं काहीही बिघाड म्हणून मोजलं जात नाही.

भाव ठरवताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा कर, म्हणजे जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के होता तो, ४० टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या. विकणारा मात्र अजून जुन्या ऑन-रोड किमतीवरून घट मोजून दाखवतो. तुलना आजच्या नव्या गाडीच्या भावाशी करा.

कमी किलोमीटरला भुलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मीटर मागे करणं हे काम बाजारात आजही चालतं. शिवाय मीटर खरं असलं तरी सात वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर फिरलेली डिझेल गाडी चांगलीच असेल असं नाही. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर साफ व्हायला गाडी हायवेवर सलग काही वेळ पळावी लागते. घर ते ऑफिस, ऑफिस ते क्लब एवढंच फिरलेल्या गाडीचा हा फिल्टर तुंबतो. मला विचाराल तर एक लाख किलोमीटर झालेली, प्रत्येक सर्व्हिसचं बिल असलेली गाडी ही बिलं नसलेल्या तीस हजारवाल्या गाडीपेक्षा केव्हाही घ्यावी.

मीटर तपासायला टायरपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूला 'डॉट' या खुणेच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. समजा गाडी २०१७ची आहे, मीटर २८,००० दाखवतंय आणि चारही टायरांवर २३२१ लिहिलंय. म्हणजे हे टायर २०२१च्या तेविसाव्या आठवड्यात बनले. मग चार वर्षांत, इतक्या कमी धावेत, कंपनीचे मूळ टायर गेले कुठे? उत्तर सरळ असू शकतं, पण ते बिलासकट मिळालं पाहिजे. मग ब्रेक पेडलचं रबर बघा, आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघा. चढता-उतरता तिथलंच लेदर आधी झिजतं. स्टिअरिंगवर नवं कव्हर शिवलेलं असेल तर ते काढून बघू द्या म्हणावं.

सर्व्हिस हिस्टरीचा कागद किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो पुरेसा नाही. मालकाला तुमच्यासमोर कंपनीच्या वर्कशॉपला फोन किंवा मेल करायला सांगा आणि चेसिस नंबरवरून नोंदी मागवा. बीएमडब्ल्यूच्या किल्लीतही किलोमीटरची नोंद राहते; वर्कशॉपमध्ये ती वाचून मीटरशी ताडता येते. दोन्ही किल्ल्या मागा.

गरम इंजिनावर टेस्ट ड्राइव्ह

तुम्ही पोहोचायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवलेली असेल तर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. इंजिनातल्या टायमिंग चेनचा खडखडाट, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची टकटक, पहिला धूर हे सगळं थंड इंजिनच सांगतं.

चेनबद्दल जरा थांबून सांगायला हवं. साधारण २०१४ पर्यंतच्या एक्स३ २०डी मध्ये एन४७ हे दोन लिटरचं डिझेल इंजिन होतं. इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारी त्याची टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती सैल झाली की थंड स्टार्टला खरखर आवाज येतो, आणि तो पुढून न येता केबिनच्या बाजूने येतो. चेन स्वस्त आहे. पण तिथवर पोहोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी तिथे लागते. चेन तुटली तर इंजिनच जातं. पुढच्या बी४७ इंजिनात ही तक्रार कमी झाली, पण चेनची जागा तीच राहिली. जुन्या जीएलसी २२०डी मधल्या ओएम६५१ इंजिनचीही चेन मागेच. या गाड्या वाईट आहेत असं मुळीच नाही. मात्र ऑइल वेळेवर बदलल्याचा पुरावा नसलेली एन४७ मी कुणालाही घेऊ देणार नाही.

गिअरबॉक्सचंही तसंच. एक्स३ मधला झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक अतिशय टिकाऊ आहे. त्याचं ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलावं लागत नाही, असं तुम्हाला सांगितलं जाईल. प्रत्यक्षात झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ते बदलायला सांगते. पहिल्या पिढीच्या क्यू५ मध्ये सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा) एस ट्रॉनिक आहे. त्याचं ऑइल ६०,००० किलोमीटरला बदललेलं हवंच, कारण गिअर बदलण्याचं काम सांभाळणाऱ्या त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटचं काम निघालं तर बिल लाखांत जातं. तपासायचं असं: ब्रेकवर पाय ठेवून गिअर आर-डी, डी-आर (रिव्हर्स-ड्राइव्ह) असं चार-पाच वेळा करा. मग ट्रॅफिकमध्ये सरकतात तशी गाडी पाच-दहाच्या वेगात न्या. धक्का, उशीर किंवा थरथर आली तर पुढचं बोलणं थांबवा.

शेवटी मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडकत, उड्या मारत फिरली तर चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसकडे संशयाने बघा. चार टायर चार कंपन्यांचे, किंवा पुढचे नवे आणि मागचे गुळगुळीत असतील तर चाकांचा घेर वेगळा पडतो आणि ट्रान्सफर केसचा क्लच विनाकारण झिजत राहतो.

एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या बॅग, असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करायच्या आधी बघा. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर बॅगमधून हवा गळतेय. गळकी बॅग भरत राहून कंप्रेसरही जळतो.

स्वस्त स्कॅनरवर विसंबणं

गाडीच्या सॉकेटला लावायचा साधा ओबीडी स्कॅनर मुख्यतः इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचतो. गिअरबॉक्स, एअरबॅग, सस्पेन्शन नीट वाचायला कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं: बीएमडब्ल्यूचं इस्टा, ऑडीचं ओडिस, मर्सिडीजचं झेंट्री. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा त्या ब्रँडचंच काम करणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी न्या, पैसे तुम्ही भरा आणि गाडी लिफ्टवर चढवून खालूनही बघा. विकणाऱ्याने दिलेला दोनशे पॉइंटचा रिपोर्ट वाचा, पण त्यावर निर्णय घेऊ नका. एक खूण साध्या स्कॅनरवरही कळते: एकही कोड नाही, पण रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते सांगणाऱ्या नोंदी, 'नॉट रेडी' आहेत. याचा अर्थ बहुधा कालपरवाच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली आहे.

पाण्यात गेलेली गाडी न ओळखणं

२०१५ची चेन्नई, २०१९चं कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१चं चिपळूण, जुलै २०२४चा पुण्यातला सिंहगड रोड: पुरानंतर इन्शुरन्स कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीला न परवडणाऱ्या, ठरवलेल्या गाड्या लिलावात जातात आणि साफ होऊन दुसऱ्या शहरात विकायला येतात. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा पट्टा काळा आणि आतला हात-दीड हात मातकट असेल, मधे सरळ रेघ असेल, तर पाणी कुठवर आलं होतं ते तिथेच लिहिलेलं आहे. सीटच्या रुळांवरचा गंज आणि सीटखालच्या वायरिंगच्या कनेक्टरवरची हिरवट थरही बघा.

पूर नसतानाही पाणी शिरतं. पॅनोरामिक सनरूफच्या कडेच्या बारीक नळ्या पानांनी-मातीने तुंबल्या की आपल्याकडच्या एका पावसाळ्यात पाणी कार्पेटखाली आणि डिकीत उतरतं. दुसऱ्या पिढीच्या एक्स३ची आणि पहिल्या पिढीच्या क्यू५ची बॅटरी डिकीच्या तळाशीच असते. तिथलं आच्छादन उचलून हात फिरवा.

कागद शेवटी बघणं

कागद आधी मागा. इन्शुरन्सवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, फार बोलका असतो: क्लेम नसेल तर तो २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. फर्स्ट ओनर गाडी सहा वर्षांची आणि बोनस शून्य किंवा २०, तर मधे क्लेम झालाय. कशाचा, किती रकमेचा, ते मालकाकडून इन्शुरन्स कंपनीला मेल करवून घ्या. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही.

दिल्ली पासिंगची डिझेल गाडी इथल्यापेक्षा स्वस्त दिसते. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे हरित लवादाच्या २०१५च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशांनी बंधनं आली. पुढे नियम बदलत राहिले तरी तिथल्या जुन्या डिझेलचा भाव पडलेलाच असतो. ती एमएच करायला, म्हणजे महाराष्ट्राच्या नंबरावर आणायला, तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), म्हणजे फॉर्म २८, आणि इथला रोड टॅक्स लागतो. तो टॅक्स धरून हिशेब करा. बऱ्याचदा फायदा उरत नाही.

आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरून बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ई-चलनं मालकाकडून भरून घ्या. टोकनच्या पावतीवर 'वर्कशॉप तपासणीत दोष निघाल्यास टोकन परत' हे वाक्य लिहून घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही झाल्यावर ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ दोघांच्या सहीने कागदावर टाका, आणि १४ दिवसांच्या आत इन्शुरन्स आपल्या नावावर करायला अर्ज द्या. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम त्याशिवाय अडकतो.