कुत्र्याची निगा घरच्या घरी: आधी हात, मग ब्रश, शेवटी कात्री

कुत्रा घरी आल्यावर पहिल्याच रविवारी त्याला ओढत न्हाणीघरात न्यायचे, दोघांनी धरायचे आणि अंगावर बादली रिकामी करायची, अशी बऱ्याच घरांतील सुरुवात असते. पुढे कित्येक वर्षे नळाचा आवाज ऐकताच तो कुत्रा पलंगाखाली का शिरतो, याचे कारण त्या रविवारातच असते. त्या घरात शिकण्याचा क्रम उलटा झालेला असतो. आधी हाताची सवय, मग ब्रश, मग नखे आणि कान, त्यानंतर पाणी आणि सर्वांत शेवटी कात्री, असा क्रम ठेवला तर हे काम सामान्य माणसाला घरी नक्की जमते. मात्र प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतील हे कुत्र्याला ठरवू द्यावे लागते.

केसांची जात ओळखणे

साधने विकत घेण्याआधी आपल्या कुत्र्याचे केस कोणत्या प्रकारचे आहेत ते पाहावे. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की आणि आपल्याकडे सरसकट ‘पॉमेरेनियन’ म्हणून ओळखला जाणारा, पण बहुधा इंडियन स्पिट्झ असणारा पांढरा कुत्रा, यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: आत मऊ, दाट लव आणि तिच्यावर लांब, थोडे राठ केस. यांची लव झडत राहते आणि ती विंचरून काढणे हेच त्यांच्या निगेतील मुख्य काम होय. उन्हाळा आला म्हणून अशा कुत्र्याचे केस मशीनने मुळापासून उतरवू नयेत. वरचा थर उन्हापासून कातडीचे रक्षण करतो, आणि एकदा उतरवल्यावर तो पुन्हा पूर्वीसारखा येईलच याची खात्री नसते. पुष्कळदा लव आधी वाढते आणि अंग ठिगळे लावल्यासारखे दिसू लागते.

शित्झू, ल्हासा आणि पूडल यांचे केस झडण्यापेक्षा वाढतच राहतात, त्यामुळे त्यांना साधारण सहा ते आठ आठवड्यांनी कात्री लागते. देशी कुत्रा, कारवान, पग यांचे केस आखूड असतात आणि त्यांना आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला तरी पुरते. दोन थरांच्या किंवा लांब केसांच्या कुत्र्यासाठी बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि धातूचा कंगवा, शिवाय कुत्र्यांसाठीचा नेलकटर, एवढ्यावर सुरुवात करावी. दुकानात दिसणारी बाकीची साधने पुढे गरज पडल्यास घेता येतात, आणि बहुतेकांची गरज पडत नाही.

हाताची सवय

पहिले दोन आठवडे हातात काहीच घेऊ नये. कुत्रा फिरून येऊन निवांत पडलेला असताना त्याच्या पाठीवरून, मग पोटावरून आणि शेपटीवरून हात फिरवावा, पंजा उचलून क्षणभर धरावा, कान उलटून पाहावा, ओठ वर करून दात पाहावेत आणि प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्यावा. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे असताना नवी गोष्ट चटकन स्वीकारते, म्हणून हा काळ वाया घालवू नये. मोठ्या वयात आणलेला कुत्राही शिकतो, त्याला वेळ अधिक लागतो इतकेच.

कुत्रा नको म्हणतो ते आपल्याला वाचता आले पाहिजे. ओठांवरून पुन्हा पुन्हा जीभ फिरवणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, तोंड फिरवणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे आणि अंग ताठ होणे, या सगळ्या गुरगुरण्याच्या आधीच्या पायऱ्या आहेत. यांपैकी काही दिसले की तेथेच थांबावे. तो गुरगुरला तर रागावू नये, कारण गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढे न गुरगुरता चावायला शिकतो. तरीही दात लागून कातडी फाटली, तर कुत्र्याला लस दिलेली असली तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

अंग चाचपण्याच्या या सवयीचा आणखी एक मोठा उपयोग होतो. गाठ, फोड, ओला चट्टा आणि विशेषतः गोचीड बोटांना आधी कळते. कानांच्या आत, गळ्यातील पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत तिला शोधावे. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून, न पिळता, सरळ आणि सावकाश ओढावे, आणि काढलेली गोचीड नखाने चिरडण्याऐवजी स्पिरिटमध्ये टाकावी. रॉकेल लावणे किंवा पेटती काडी टेकवणे हे उपाय गोचिडीपेक्षा कुत्र्यालाच अधिक महागात पडतात. गोचिडीमुळे बबेसिया आणि एर्लिकिया हे रक्ताचे आजार होतात. त्यामुळे गोचीड सापडल्यानंतरच्या दिवसांत कुत्रा मलूल झाला, हिरड्या फिकट पडल्या किंवा लघवी गडद रंगाची झाली, तर पशुवैद्यांकडे जाण्यास एक दिवसही लावू नये.

ब्रश आणि गुंता

लांब केसांच्या कुत्र्यावर ब्रश वरवर फिरवला की तो छान दिसतो आणि कातडीलगत मात्र नमदा तयार होत राहतो. यासाठी कुत्र्याला कुशीवर निजवावे, एका हाताने केस वर दाबून धरून भांग पाडावा, म्हणजे कातडीची रेघ दिसते, आणि त्या रेघेखालचे केस तेवढेच मुळापासून टोकाकडे विंचरावेत. मग बोटभर वर सरकून नवा भांग पाडावा. पायांपासून सुरुवात करून पाठीकडे जावे. स्लिकरच्या तारा टोकदार असतात, म्हणून तो आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावा. जेवढा जोर आपल्याला सोसतो तेवढाच कुत्र्यावर लावावा. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच तो भाग झाला असे समजावे.

गुंता कानांमागे, काखेत, जांघेत आणि पट्ट्याखाली हमखास सापडतो. त्याच्या बुडाशी केस चिमटीत धरावेत, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून कंगव्याच्या टोकाने बाहेरून आत थोडा थोडा सोडवावा. गुंत्याखाली कात्री घालण्याचा मोह टाळावा. ओढल्या गेलेल्या गुंत्याबरोबर कातडीही वर आलेली असते, ती केसांत दिसत नाही आणि टाके पडतात. गुंता कातडीला चिकटून बसला असेल, तर तेथे मशीनच हवे आणि तेही जाणत्याच्या हातात.

नखे

गावाकडे मातीत आणि दगडांत हिंडणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात. सदनिकेतील गुळगुळीत फरशीवर ती झिजत नाहीत. कुत्रा चालताना फरशीवर टकटक आवाज येऊ लागला की नखे कापण्याची वेळ झाली असे धरावे. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला थोडे वर असणारे अंगठ्याचे नख तर जमिनीला टेकतच नाही आणि दुर्लक्ष झाल्यास वळून मांसात शिरते.

नखाच्या आत जिव्हाळी असते, म्हणजे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते आणि तिच्या दोन मिलिमीटर अलीकडे कापता येते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून टोकाकडून कागदाएवढी पातळ चकती कापावी, कापलेला भाग निरखावा आणि पुन्हा कापावे. मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसला की थांबावे. मी स्वतः पहिल्यांदा नखे कापली तेव्हा घाईत चौथ्या नखाची जिव्हाळी कापली, आणि त्यानंतर पाच महिने आमच्या कुत्रीने मला पंजा दिला नाही. रक्त आलेच, तर कॉर्नफ्लोअर नखावर घट्ट दाबून दोन-तीन मिनिटे धरावे. न थांबल्यास पशुवैद्यांना दाखवावे. सुरुवातीला दिवसाला एकच नख कापून खाऊ द्यावा, हा क्रम संथ वाटला तरी तोच लवकर पोहोचवतो. फार वाढलेल्या नखांबरोबर जिव्हाळीही लांबलेली असते. दर आठवड्याला टोक कापत राहिले की ती हळूहळू मागे सरते.

कान, डोळे, दात

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळलेली असते. त्यामुळे कापूस गुंडाळलेली काडी आत घातली की मळ बाहेर येण्याऐवजी वळणापाशी ढकलला जातो. कुत्र्यांसाठीचे कान धुण्याचे औषध नळीत टाकावे, कानाचे बूड अर्धा मिनिट चोळावे, कुत्र्याला मान झटकू द्यावी आणि बोट पोहोचते तेवढाच भाग कापसाने पुसावा. वास येत असेल किंवा कान लाल असेल, तर काही न घालता दाखवून घ्यावे. डोळ्यांच्या कोपऱ्यातील चिपडे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावीत. दातांना माणसांची टूथपेस्ट कधीही लावू नये, कारण कुत्रा ती गिळतो आणि काही पेस्टमध्ये असणारे झायलिटॉल त्याच्यासाठी विष आहे.

आंघोळ

निरोगी कुत्र्याला महिन्यातून एक आंघोळ पुरेशी असते. त्याआधी केस पूर्ण विंचरलेले असले पाहिजेत, कारण पाण्याने गुंता आवळतो. मोरीत रबरी मॅट किंवा ओले गोणपाट अंथरावे. पाय घसरण्याची भीती हेच अनेक कुत्र्यांच्या पाण्याच्या भीतीचे खरे कारण असते. पाणी कोमट घ्यावे, मागच्या पायांपासून भिजवत पुढे यावे आणि तोंड ओल्या फडक्याने पुसावे.

माणसाच्या कातडीचा सामू (पीएच) आम्लाकडे झुकतो आणि कुत्र्याचा त्यामानाने उदासीन असतो, म्हणून आपला शॅम्पू त्याला वापरू नये. घरातील जंतुनाशक पाण्यात टाकणे तर पूर्ण टाळावे. शॅम्पू मगभर पाण्यात पातळ करून लावावा, म्हणजे तो कातडीपर्यंत पोहोचतो आणि लवकर निघतो. औषधी शॅम्पू बहुधा दहा मिनिटे अंगावर ठेवायचा असतो. धुण्याला चोळण्याच्या दुप्पट वेळ द्यावा, कारण मागे राहिलेल्या फेसानेच पुढचे चार दिवस खाज सुटते. गोचिडीवरचे थेंब मानेवर टाकले असतील, तर त्याच्या वेष्टनावर आंघोळीबद्दल दिलेले दिवस पाळावेत.

पावसाळ्यात, आणि कोकणात विशेष, लव आतून ओली राहिली की कातडीवर चट्टे उठतात. टॉवेल चोळण्याऐवजी दाबून पाणी टिपावे, बोटांच्या बेचक्या वेगळ्या पुसाव्यात आणि मग पंख्याखाली विंचरत केस पूर्ण वाळवावेत. केस वाळवण्याचे यंत्र वापरायचे असल्यास थंड हवेवर, लांबून वापरावे. पगसारखी चपट्या नाकाची कुत्री गरम हवेत लवकर धापा टाकू लागतात.

कात्री आणि मशीन

केस पूर्ण सुकल्यावरच कापावेत. बोथट टोकांच्या कात्रीने पंजाच्या गादीमधले केस गादीच्या पातळीपर्यंत, मग गुदद्वाराभोवतीचे आणि शेवटी डोळ्यांपुढचे, इतकेच पहिले काही महिने कापावे. डोळ्यांपाशी कात्रीचे टोक नेहमी बाहेरच्या दिशेला ठेवावे. मशीन घेतल्यास ते आधी बंद असताना अंगावर फिरवावे, मग दूर ठेवून चालू करावे आणि आवाजाची सवय झाल्यावरच केसांना लावावे. दहा नंबरचे पाते सुमारे दीड मिलिमीटर केस ठेवते आणि पोटासाठी चालते. सबंध अंगावर त्याहून लांब केस ठेवणारे पाते वापरावे. पाते काही मिनिटांत तापते, म्हणून ते वारंवार मनगटाला लावून पाहावे. पहिला कट वेडावाकडा येणारच, आणि त्याची लाज कुत्र्याला नसते.

ढुंगण जमिनीवर घासत चालणाऱ्या कुत्र्याच्या गुदग्रंथी घरी दाबून रिकाम्या करण्याचा प्रयत्न मात्र करू नये. ते काम पशुवैद्यांचे आहे.

काम संपल्यावर मोरीच्या जाळीतले केस लगेच काढावेत, ब्रश साबणाने धुऊन उन्हात वाळवावा आणि पात्याला तेलाचा थेंब द्यावा. विंचरलेले केस पक्ष्यांना घरट्यासाठी गॅलरीत ठेवण्याची अनेकांना हौस असते. पण कुत्र्याला गोचिडीचे औषध लावलेले असेल, तर त्याचा अंश केसांत उतरतो आणि पिल्लांपर्यंत पोहोचू शकतो, त्यामुळे ते केस कचऱ्याच्या पिशवीतच बांधावेत.