'खात्री आहे का?' विचारण्यापेक्षा अनडू द्या

दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. संध्याकाळच्या गर्दीत बिल करणारा माणूस स्क्रीनवरचा मजकूर वाचत नाही. 'खात्री आहे का?' अशी चौकट आली की त्याचं बोट सवयीनं एन्टरवर जातं. म्हणजे या चौकटीनं नुकसान टळत नाही, फक्त दोष त्याच्या माथी जातो. हे मला अजिबात पटत नाही. जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या वापरसुलभतेच्या दहा तत्त्वांत अनडू-रीडू (केलेली कृती मागे घेणं आणि पुन्हा करणं) आहे, तरी आपल्याकडे ते 'पुढच्या व्हर्जनमध्ये बघू' म्हणून राहून जातं.

सुरुवात डिलीटपासून करा. ओळ डेटाबेसमधून पुसू नका. टेबलात 'केव्हा काढली' असा कॉलम ठेवा. डिलीट केलं की त्यात वेळ भरा, अनडू केलं की तो रिकामा करा. स्क्रीनच्या तळाशी पट्टी दाखवा: 'तूरडाळ ५ किलो काढली. परत आणा'. मालाचं नाव लिहाच, नाहीतर घाईत काय गेलं तेच कळत नाही. पट्टी गेल्यावरही कंट्रोल-झेड, म्हणजे कीबोर्डवरून अनडू, चाललं पाहिजे.

खरी कसोटी स्टॉकची. तूरडाळ ४० किलो होती. तुमच्या काउंटरवर ५ किलोचं बिल झालं, उरली ३५. तेवढ्यात शेजारच्या काउंटरवर १० किलो गेली, उरली २५. आता पहिलं बिल अनडू करताना जुना आकडा, म्हणजे ४०, परत लिहिलात तर नसलेली दहा किलो डाळ स्टॉकमध्ये दिसेल. म्हणून जुना आकडा नको, प्रत्येक कृतीची उलटी कृती साठवा. इथे ती '५ किलो जमा'. उत्तर ३०, आणि गोदामातही तेवढीच डाळ सापडेल. याच कारणानं अनडूची यादी प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी ठेवा. माझ्या कंट्रोल-झेडनं शेजाऱ्याचं बिल उडता कामा नये.

अनडू केल्याचीही नोंद राहू द्या. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं बंधनकारक आहे.

बाहेर गेलेली गोष्ट मात्र परत येत नाही. तिथे जीमेलची युक्ती वापरा. त्यातलं 'अनडू सेंड' गेलेली मेल ओढून आणत नाही. ती ५, १०, २० किंवा ३० सेकंद थांबवून ठेवतं. ग्राहकाला जाणारा एसएमएस असाच थोडा रोखा.

जीएसटीचं ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदलेलं बिल, २४ तासांच्या आत रद्द करता येतं, तेही अख्खंच, आणि तो बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. मुदत किती उरली ते बटणाशेजारीच दाखवा. ती संपली की 'रद्द करा' काढून त्याच जागी 'क्रेडिट नोट करा' हे बटण द्या, मूळ बिलाचा तपशील आधीच भरून. क्रेडिट नोट म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम वजा करणारा कागद.