पसरट उजेडाची छोटी बॅटरी घेताना या चुका टाळा

बॅटरी घ्यायला दुकानात गेलं की जवळपास प्रत्येक जण बटण दाबून झोत रस्त्यापलीकडच्या झाडाच्या शेंड्यावर मारतो. झोत लांब गेला की माल पसंत. पण रात्रीच्या लाईटीला मोटार चालू करायला बांधावरून निघालेल्या माणसाचं त्या शेंड्याशी काय काम? त्याला पुढची पाच-सहा पावलं आणि वाटेच्या दोन्ही कडा दिसायला हव्यात. मण्यार रात्रीच हिंडते. कोकणातलं फुरसं जेमतेम हातभर लांब, मातीच्याच रंगाचं, आणि ते वाटेच्या मधोमध थोडंच बसून राहतं! अशा वेळी ३०० मीटर जाणारा बारीक झोत उपयोगाचा नाही. उजेड पायापासून कडेपर्यंत सारखा पसरला पाहिजे, तासन्‌तास टिकला पाहिजे आणि सेल संपले तर गावातल्या किराणा दुकानात मिळाले पाहिजेत.

झोत लांब जातो म्हणून बॅटरी घेणं

लांब जाणाऱ्या बॅटरीत खोल आणि आरशासारखा गुळगुळीत रिफ्लेक्टर असतो. तो सगळा उजेड मधल्या ठिपक्यात गोळा करतो. डोळे त्या लख्ख ठिपक्याला सरावले की बाजूचा अंधार आहे त्याहून गडद वाटायला लागतो, म्हणजे बॅटरी हातात असूनही कडेचं दिसत नाही. पसरट उजेडासाठी रिफ्लेक्टर उथळ, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असावा, किंवा एलईडीवर दुधी काच नाहीतर उजेड पसरवणारं प्लॅस्टिकचं भिंग असावं.

दुकानातच तपासायचं तर भिंतीपासून दीड मीटरवर उभे राहा. उजेडाचं वर्तुळही दीड मीटर किंवा त्याहून रुंद पडलं आणि मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू विरत गेलं, तर माल योग्य. मध्ये पांढरा ठिपका, भोवती काळपट कडं आणि मग फिकट वर्तुळ असं दिसलं तर ती परत ठेवा.

खोक्यावरच्या अंतराचा अर्थही समजून घ्या. ज्या अंतरावर उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर तिथे छापतात. कँडेला हे झोताच्या तीव्रतेचं माप, त्या आकड्याचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की तेच अंतर मीटरमध्ये येतं. ४०० कँडेलाची बॅटरी ४० मीटर जाते आणि पायी चालणाऱ्याला तेवढं पुष्कळ झालं. इथे मोठा आकडा बघितला की मी सावध होतो.

झूमवाल्या बॅटऱ्यांचा मोह मात्र आवरा. उजेड पसरवला तर छान गोल पडतो हे खरं. पण खिशात किंवा हातात डोकं नकळत पुढे सरकतं आणि चौकोनी ठिपका होऊन बसतो, त्यात बराच उजेड आतच वाया जातो. शिवाय सरकणाऱ्या डोक्यातून पाणी आत शिरायला वाट राहते. खोक्यावर आयपीएक्स म्हणून जो आकडा असतो तो पाण्यापासूनच्या बचावाचा. आपल्याकडच्या पावसात किमान आयपीएक्स४, म्हणजे शिंतोडे सोसणारी, हवीच. ओढा ओलांडायचा असेल तर आयपीएक्स७ बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारी.

ल्यूमेनच्या आकड्यावर विश्वास ठेवणं

ल्यूमेन म्हणजे बॅटरीतून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. एका पेन्सिल (एए) सेलवर २००० ल्यूमेन असं छापलेलं दिसलं की घरीच हिशेब मांडा. चांगल्या एलईडीतून सर्किटचा तोटा धरून एका वॅटला साधारण १०० ल्यूमेन निघतात. म्हणजे २००० ल्यूमेनला २० वॅट लागतील, आणि एक पेन्सिल सेल मोठ्या मुश्किलीने दोन-तीन वॅट देतो. तो आकडा शाईपुरताच.

हाच हिशेब उलटा केला की कामाचं उत्तर मिळतं. २००० एमएएचचे दोन चार्जिंगचे पेन्सिल सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे ४.८ वॅट-अवर. त्यातून १०० ल्यूमेन चार-पाच तास मिळतील, नाहीतर ५० ल्यूमेन आठ-नऊ तास. पसरट असेल तर बांधावरून चालायला ५० ल्यूमेन पुरतात. घरात लाईट गेल्यावर छताकडे तोंड करून उभी ठेवली तर १०० ल्यूमेनमध्ये खोलीभर वावरता येतं.

‘१० तास चालते’ हेही नीट वाचा. एएनएसआय एफएल१ या बॅटऱ्यांच्या अमेरिकी मानकात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. २०० ल्यूमेनची बॅटरी अर्ध्या तासात निम्म्यावर आली आणि पुढे कशीबशी मिणमिणत राहिली, तरी ते तास त्यात धरले जातात. ‘स्थिर उजेड’ देणारं सर्किट असलेली बॅटरी थोडी महाग पडते, पण पैसे तिथेच घालावेत.

सेलची निवड दुकानदारावर सोडणं

छोटी हवी म्हणून बरेच जण तीन बारीक, रिमोटच्या (एएए) सेलची बॅटरी घेतात. ते तीन सेल प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात बसवावे लागतात, अंधारात एखादा उलटा बसतो आणि पिंजऱ्याच्या पत्र्या लवकर ढिल्या पडतात. शिवाय साधा पेन्सिल सेल बारीक सेलपेक्षा जाडीला चार आणि लांबीला सहाच मिलिमीटर मोठा असून त्यात दुपटीहून जास्त जीव असतो. खिशातच ठेवायची तर एका पेन्सिल सेलची, रोज वापरायची तर दोनची.

सेलचेही प्रकार आहेत. ‘हेवी ड्यूटी’ छापलेले स्वस्त झिंक-कार्बन सेल भिंतीवरच्या घड्याळाला ठीक, बॅटरीला ते झेपत नाहीत. अल्कलाइन चांगले चालतात, पण महिनोन्‌महिने आत पडून राहिले की गळतात. रोजच्या वापराला निकेल-मेटल हायड्राइडचे, पडून राहिले तरी चार्ज फारसा न उतरणारे चार्जिंगचे सेल सगळ्यात परवडतात. फक्त बॅटरी १.२ व्होल्टवर नीट चालते का, ते आधी विचारा. हल्ली यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. त्यांचा उजेड शेवटपर्यंत एकसारखा राहतो आणि मग पूर्वसूचना न देता एकदम अंधार होतो, म्हणून रानात जाताना जोडीला दुसरे सेल हवेतच.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल येतो. तो १.५ चा नसून ३.७ व्होल्टचा असतो, पूर्ण चार्ज झाला की ४.२. साध्या बॅटरीत तो घातला तर सर्किट जळू शकतं. मापाने बसतो म्हणून घालू नका, माहितीपत्रकात त्याचं नाव असेल तरच घाला.

घेतल्यानंतरच्या तक्रारी

उजेड लुकलुकतो ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि बहुतेक वेळा एलईडीचा काही दोष नसतो. मागचं झाकण काढा. आट्यांवर काळपट मळ दिसेल, स्प्रिंगचं टोक निस्तेज झालं असेल. सुती फडक्याला स्पिरिट लावून आटे, नळीची उघडी कड आणि सेलची टोकं पुसा. स्प्रिंग दबली असेल तर हलक्या हाताने थोडी ओढा. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन किंवा मशीनचं तेल लावलं तर काही रबरं फुगतात.

नवे सेल घालूनही मंद जळत असेल तर एक जुना सेल तर राहिला नाही ना बघा. जुना-नवा एकत्र घातला की दुबळा सेल आधी संपतो, दुसरा त्यातून उलटा प्रवाह ढकलतो आणि तोच सेल गळतो.

न वापरताच सेल उतरतात, अशी तक्रार बाजूला मऊ इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या बॅटऱ्यांची. ते सर्किट बंद असतानाही थोडा करंट घेत राहतं. अशा बॅटरीचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा. त्यानंतर बटण दाबून उजेड लागला नाही, म्हणजे जोड तुटला. लागलाच तर सेल काढून ठेवणं उत्तम.

आत पांढरी पूड दिसली तर बॅटरी टाकायची घाई करू नका. हातात पिशवी घालून सेल काढा, नळीवर ठोकाठोकी नको. अल्कलाइन सेल असेल तर कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पूड पुसा, झिंक-कार्बन असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. मग ओल्या फडक्याने, शेवटी स्पिरिटने पुसा आणि दिवसभर उघडी वाळू द्या. पत्रीचा मुलामा गेला नसेल तर बॅटरी पुन्हा लागते.

घरात लांब झोताची बॅटरी आधीच असेल तर नवी घेण्याआधी तिच्या काचेवर दुधी चिकटपट्टीचा एक थर लावून बघा. मधला ठिपका विरतो, उजेड थोडा कमी होतो, पण वाटेच्या कडा दिसायला लागतात. पावसात किंवा धुक्यात तीच बॅटरी डोळ्यांजवळ न धरता कमरेच्या उंचीवर धरा. थेंबांवरून उलटणारा उजेड डोळ्यांत येत नाही आणि खाचखळग्यांच्या सावल्या लांब पडून नीट ओळखू येतात.